सोळाशे दहा

जळलेल्या वार्निशचा वास ज्याला ओळखता येतो, त्याला तो भाजी करपल्याचा कधीच वाटत नाही. परवा संध्याकाळी तो आला तेव्हा मी गॅसकडे बघितलंही नाही, सरळ टेबलाकडे धावले. अण्णांचा पॉवर सप्लाय. मीटरचा काटा शून्यावर पडलेला, आणि पेटी हात लावू देईना इतकी तापलेली.

ॲल्युमिनियमची ही पेटी अण्णांनी गिरगावच्या चाळीत, गॅलरीत बसून ठोकून वाकवलेली. तोंडाशी ‘0-24 व्होल्ट’ असं पांढऱ्या रंगात, आणि खाली स्वतःची आद्याक्षरं. आत चार बीवाय 127 डायोड, अभ्रकाच्या चकतीवर बसवलेला 2एन3055, आणि निम्मी पेटी व्यापून बसलेला ट्रान्सफॉर्मर. चाळीतले निम्मे रेडिओ या पेटीवर तपासून निघाले. पुढे माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न आलं तेही हिच्यामुळेच.

कारण सापडायला वेळ लागला नाही. एक डायोड शॉर्ट. ब्रिजमधला एक डायोड असा गेला की दर उलट्या अर्धफेरीला सेकंडरी थेट शेजारच्या डायोडवर आपटते. अशा वेळी फ्यूज उडायचा असतो. पण फ्यूजच्या जागी तांब्याची जाडजूड तार पिळून बसवलेली होती, आणि ती पिळायची पद्धत अण्णांचीच. जगाला फ्यूजचं महत्त्व सांगणारा माणूस! सिरीजच्या बल्बवर ट्रान्सफॉर्मर लावून बघितला, तर साठचा बल्ब लख्ख पेटला. म्हणजे आतले वेढे एकजीव झालेले.

हा ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळलेला होता. एक चौरस इंच गाभा, व्होल्टमागे सात वेढे. 230 व्होल्टच्या प्रायमरीला सोळाशे दहा. तार तेहतीस गेजची, केसापेक्षा जाड. टेबलाच्या कडेला हँडड्रिल आवळलेलं, अण्णा एका हाताने दांडा फिरवताहेत, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सरकतेय, आणि समोर आई मोजतेय. मोठ्याने. शंभर झाले की एक चिंचोका वाटीत.

1831च्या ऑगस्टमध्ये मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली आणि जगातल्या सगळ्या ट्रान्सफॉर्मरांचा पूर्वज तयार झाला. इनॅमलची तार तेव्हा कुठली? वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याने मध्ये सुतळी आणि सुती कापडाचे थर घातले. ते कडं अजून जपून ठेवलेलं आहे. त्याच्या मदतीला अँडरसन नावाचा माजी सार्जंट असे. पुस्तकात हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो विज्ञानाचा नव्हता. मोजत कोण होतं?

कारण आमच्या पेटीवर आद्याक्षरं एकाचीच आहेत.

चौदाव्या चिंचोक्याच्या सुमाराला शेजारच्या काकू विरजण मागायला दारात आल्या. आईने मान न वळवता तळहात वर केला आणि मोजत राहिली. काकू वाटी घेऊन तशाच उभ्या. शंभर पुरे झाले, चिंचोका पडला, अण्णांनी दांडा थांबवला, तेव्हा कुठे आई उठली. पेटी सुरू झाली तेव्हा मजल्यावरचे सगळे अण्णांची पाठ थोपटत होते. आई तेव्हा करपलेल्या भाताचं पातेलं घासत होती. याचा मला अजून राग येतो.

नव्या ट्रान्सफॉर्मरसाठी लॅमिंग्टन रोडवर गेले, तर दुकानदार म्हणाला, “मॅडम, एसएमपीएस न्या. हलका, स्वस्त.” खरंच स्वस्त होता. पण मिडियम वेव्हचा रेडिओ दुरुस्त करताना शेजारी एसएमपीएस असला तर स्टेशनाऐवजी त्याचीच करकर ऐकत बसावं लागतं. मी 24 व्होल्ट, एक ॲम्पिअरचा लोखंडीच घेतला. त्याची भोकं जुन्या भोकांशी जुळेनात, म्हणून नवी पाडली. चारही डायोड बदलले. फ्यूजच्या जागी फ्यूज बसवला. सिरीजचा बल्ब या वेळी काळाच राहिला, आणि पेटी घुमायला लागली. मेन्स 50 हर्ट्झची, पण घुमणं 100चं, कारण गाभा दर फेरीत दोनदा ताणला जातो आणि सैलावतो.

जुन्याचे वेढे उलगडून मोजावेत असं मनात होतं. पट्ट्या काढल्या तर आत काळा गोळा. तार बोटभरसुद्धा सुटेना. शेवटी आईलाच फोन केला. सोळाशे दहाच होते ना गं?

“वेढ्यांचं नाही आठवत,” ती म्हणाली. “पण विरजणाला उभ्या होत्या ना त्या, त्यांनीच पुढे मजल्यावरची भिशी माझ्याकडे दिली. म्हणाल्या, हिचं मोजणं चुकायचं नाही.”

मग भिशी सुरू झाली. बारा घरं, शंभराचा हप्ता, कोणाची चिठ्ठी कितव्या महिन्यात निघाली, सगळं क्रमाने. कोपऱ्यातल्या खोलीतल्याची आठव्या महिन्यात निघाली, आणि पैसे उचलून तो बिऱ्हाडासकट डोंबिवलीला गेला. राहिलेले हप्ते आईने घरखर्चातून भरले आणि अण्णांना सांगितलंसुद्धा नाही.

“पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली,” आई म्हणाली.

“मग? आहेर केलास?”

“छे! चार हप्ते राहिले होते त्याचे. आपण चौघंही जेवून आलो.”