दोन मापांचे रूळ

मनमाड म्हटले की जुन्या प्रवाशांना गाडी बदलणे आठवते. आमच्या बालपणी मुंबईकडून तेव्हाच्या औरंगाबादला जायचे, तर येथे मोठ्या गाडीतून उतरून, ट्रंका-वळकट्या सांभाळीत, छोट्या गाडीत जागा धरावी लागे. मनमाडहून निजामाच्या मुलखात जाणारी ही मीटरगेज लाइन १९०० साली सुरू झाली. तिच्या रुळांत एक मीटर अंतर, तर मुंबईकडील मार्गाच्या रुळांत १.६७६ मीटर. प्रवासी चालत पलीकडे जात. धान्याची पोती मात्र हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जात. दोन मापांमधील तफावत माणसाच्या पाठीने भरून निघे.

शिक्षणाचेही तसेच होते. याच लोहमार्गावर देवळालीला १९२५ साली भायखळ्याहून बार्न्स शाळा आली. ब्रिटिश अमदानीत ती मुख्यत्वे युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांची निवासी शाळा होती. त्या मुलांना रेल्वे विद्येच्या दारी नेई. रूळ सांभाळणाऱ्या गँगमनच्या मुलाला तीच गाडी नुसती जाताना दिसे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडलाच भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दुखणे उघड केले. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे. म्हणून अस्पृश्याला पोर्टरसुद्धा होता येत नसे, तो गँगमनच राही.

१९९०च्या दशकात छोटी लाइन मोठी झाली. वाघिणी थेट मराठवाड्यात जाऊ लागल्या आणि माल हलविण्याचे ते रूळ निकामी झाले. पाठीवरचे ओझे उतरले, हे चांगलेच झाले; परंतु त्याच ओझ्यावर कित्येक चुली पेटत होत्या. अशा वेळी घर सावरते ते शिकलेल्या लेकरामुळे.

रूळ एका मापाचे झाले. शाळा झाल्या काय? आजही एका मुलाला शिकवणी, संगणक, इंग्रजी बोलणारे आईवडील लाभतात. दुसऱ्याच्या आईला त्याची वही वाचता येत नाही. दोघे रविवारी एकाच बाकावर बसून एकच प्रार्थना म्हणतात.

वाचकहो, आमचे मागणे लहान आहे. आपल्या धर्मग्रामातील शिकलेल्यांनी सायंकाळी तासभर सभागृह उघडून शेजारच्या मुलांचा अभ्यास घ्यावा. मुले कोणत्याही धर्माची असोत. दोन मापांमधील तफावत गरिबाने एकट्याच्या पाठीवर किती काळ वाहायची?