दाढीला परवानगी नाही

महाराष्ट्रात सलूनला सोमवारी सुट्टी असते आणि खरा धंदा होतो रविवारी. त्यातही गुढीपाडव्याच्या आधीचा रविवार म्हणजे सकाळी सातलाच बाकडं भरलेलं. 2020 मध्ये तो रविवार 22 मार्चला आला आणि नेमका त्याच दिवशी कोरोनामुळे जनता कर्फ्यू लागला. मुंबई महानगर क्षेत्रातली जीवनावश्यक नसलेली दुकानं बंद ठेवायचा आदेश त्याआधीच, शुक्रवारी, निघाला होता. डोंबिवलीत आमच्या गल्लीतल्या कटिंगवाल्या काकांनी त्या रात्री शटर ओढलं ते दहाएक दिवसांच्या हिशोबानं. आदेशात 31 मार्च लिहिलं होतं. वस्तरे आणि कात्र्या पुसून आरशापुढे होत्या तशाच ठेवल्या.

पाडवा बुधवारी होता, 25 तारखेला. टाळेबंदीचा तो पहिला दिवस. खिडक्यांच्या ग्रिलला गुढ्या लागल्या आणि त्यांच्यापुढे उभे राहिलेले बाप्ये आठवड्याच्या खुंटासकट फोटोत आले.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, टाळेबंदी असो वा नसो. एप्रिलच्या मध्यापर्यंत घरोघरी शिवणाच्या कात्र्या बाहेर आल्या. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ कॉलेजच्या नातीपुढे, जुन्या वर्तमानपत्राला भोक पाडून ते गळ्यात घालून बसले. नात मोबाइलवर व्हिडिओ बघत कापत होती, आजी मागून सूचना देत होती. मला घरीच मिळालेला कट पुढून बरा होता. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला पुढचीच बाजू दिसते, त्यामुळे निभावलं. दुसऱ्या विंगमधल्या एका तरुणानं सरळ चकोट केला आणि त्याच्या आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. वडील जिवंत असताना मुंडण कसलं करतोस, हा तिचा मुद्दा होता.

तो मुद्दा वाटतो तितका हास्यास्पद नव्हता. मे महिन्यात शेजारच्या इमारतीत एक आजोबा वारले, हृदयविकारानं. अंत्यविधीला मोजकीच माणसं गेली. दहाव्याला मात्र अडलं. क्षौर करायला नाभिक मिळेना आणि धाकट्या मुलाला त्याशिवाय विधी पुरा वाटेना. शेवटी थोरल्यानं धाकट्याच्या डोक्यावरून ट्रिमर फिरवला आणि मग धाकट्यानं थोरल्याच्या. पलीकडच्या सोसायटीत एका बाळाचं जावळ राहून गेलं होतं; ते मूल रिबीन बांधून वरांड्यात रांगताना दिसे. कटिंगचं दुकान बंद म्हणजे फक्त नीटनेटकेपणा बंद, असं शासनाच्या यादीत दिसत असेल. जन्म-मरणाची कामं त्याच माणसाकडे असतात, ही गोष्ट त्या यादीत कुठे बसणार होती?

काकांच्या दुकानात दोन कारागीर होते, दोघेही उत्तर प्रदेशातले. 1 मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या आणि महिना संपायच्या आत दोघे गावी गेले. जाताना त्यांनी काकांकडून उचल घेतली नाही. काकांकडे द्यायलाही काही नव्हतं. दुकानाचं भाडं थांबलं नव्हतं, घरी पाच माणसं. मेमध्ये ते गल्लीच्या तोंडाशी भाजी विकायला बसू लागले. ज्यांची डोकी वर्षानुवर्षं हातात धरली, त्यांनाच आता चार हातांवरून मेथीची जुडी द्यायची. गिऱ्हाइकं मास्कच्या आडून त्यांना आपले केस दाखवत आणि हसत. काकाही हसत, मात्र कात्री लावायला कोणाच्या घरी गेले नाहीत. बोलावणी पुष्कळ आली होती.

जूनमध्ये ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झालं. सम-विषम तारखांना रस्त्याच्या एकेका बाजूची दुकानं उघडली, कपड्यांची, भांड्यांची. दारूची तर काही ठिकाणी 4 मेलाच उघडली होती आणि तिथल्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या. सलून मात्र नाही. कारण उघड होतं आणि मला ते पटतही होतं: केशकर्तन वीतभर अंतरावरून होतं आणि त्या वीतभरात दोघांचा श्वास मिसळतो. पण ज्याचं पोट त्या वीतभर अंतरावरच चालतं, त्यानं काय करावं, याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

परवानगी आली ती 28 जूनची. तो पुन्हा रविवारच. बरोबर चौदा आठवडे झाले होते. केस कापायचे, दाढी करायची नाही. त्वचेला हात लागेल अशी सेवा बंद. काकांनी पुठ्ठ्यावर मार्करनं पाटी लिहिली: ‘फक्त कटिंग. दाढीला परवानगी नाही. फोन करून यावे.’ बाकडं उचलून मोरीत ठेवलं. एका वेळी एकच गिऱ्हाईक, वापरून टाकायचा एप्रन, वहीत नाव आणि नंबर. कानाजवळ कात्री आली की मास्कचा त्या बाजूचा पट्टा काढायचा आणि मास्क हातानं तोंडावर दाबून धरायचा, हे तंत्र दोघांनाही जमायला वेळ लागला. दर वाढवला होता. एरवी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्यांनीही तो मुकाट्यानं दिला.

सोमवारी काकांनी सवयीनं सुट्टी घेतली. गुरुवारी, 2 जुलैला, कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागली. आधी बारा तारखेपर्यंत होती, मग एकोणीसपर्यंत वाढली. चौदा आठवडे वाट पाहून कामाचे दिवस हाती लागले ते तीन.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या 5 तारखेला ‘ब्रेक द चेन’च्या निर्बंधांत सलून परत बंद झाली, तेव्हा काकांनी कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी भाजीची पाटी घेऊन ते गल्लीच्या तोंडाशी बसले. आठवड्याभरात राज्य सरकारनं मदत जाहीर केली: नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, बांधकाम आणि घरेलू कामगार, प्रत्येकी दीड हजार रुपये. सलूनवाल्यांचं नाव त्यात नव्हतं. काका भाजी विकत होते, पण फेरीवाला म्हणून त्यांची नोंदणी नव्हती. बातमी माझ्या मोबाइलवर दोनदा वाचून त्यांनी विचारलं, ‘‘मग मी आता कोण?’’ आणि उत्तराची वाट न बघता मागच्या बाईंना कोथिंबीर मोजून दिली.