पागोळ्यांचं पाणी

लिंबाचा एक वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. सरबताचा, लोणच्याच्या बरणीचा, ताटाच्या डाव्या हाताला मिठाशेजारी वाढलेल्या फोडीचा. पण ओल्या, थंड क्रोमवर चोळलेल्या लिंबाचा वास निराळा असतो. आंबटपणा तोच, पण त्याच्या तळाशी भिजलेल्या सुती फडक्याचा ओलावा, पुसटसं पेट्रोल, आणि तांब्यापितळेची भांडी हाताळल्यावर बोटांना राहतं तसं काहीतरी. हा वास नाकाशी आला की मी कुठेही असले तरी साताऱ्यात असते. श्रावणातली सकाळ असते, नुकतीच सर येऊन गेलेली, उन्हाची तिरीप अंगणात उतरलेली. आणि आत्या पदर खोचून फियाटच्या पुढच्या बंपरपाशी उकिडवी बसलेली असते.

आत्या डॉक्टर होती. बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री बोलावणं आलं की मेढ्याच्या पलीकडच्या वाड्यांपर्यंत एकटी जायची. गाडी फिकट निळी, प्रीमियरने 1964 साली आणलेल्या डिलाइटपैकी, स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर असलेली. 1974 पासून रस्तोरस्ती पद्मिनी दिसू लागल्या, तरी आत्याची डिलाइट होती तिथेच होती. त्या गाड्यांना चकाकी अंगभर असायची : बंपर, त्यावरचे उभे गार्ड, समोरची जाळी, दिव्यांच्या रिंगा, दारांच्या मुठी, तिकोनी काचेची बारीक चौकट. घाटातला चिखल धुऊन निघाला, गाडी वाळली, की या सगळ्या चकाकीवर पांढुरके डाग उमटत.

डाग विहिरीच्या पाण्याचे. आमच्याकडचं पाणी काळ्या कातळातून झिरपत येतं आणि वाटेत भेटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. थेंब उडून जातो, क्षार मागे राहतात. आत्याने मला एकदा भिंगातून तो डाग दाखवला होता. लांबून ठिपका वाटतो, पण जवळून पाहिलं तर ते कडं असतं, मधे जवळजवळ रितं. थेंब कडेला आधी सुकतो, म्हणून आतलं पाणी सतत कडेकडे ओढलं जातं आणि पोटात विरघळलेलं सगळं तिथे नेऊन ठेवतं. एवढ्याशा थेंबात एवढी ये-जा चाललेली असते! त्यानंतर बंपरवरच्या डागांकडे मला नुसता मळ म्हणून पाहताच आलं नाही.

“खरवडू नकोस गं. त्याला सुटायला वेळ दे.” हे तिचं ठरलेलं वाक्य. गाडी सावलीत, पत्रा गार झालेला. आधी भरपूर पाणी ओतून धूळ काढायची, कारण धुळीच्या कणासकट फडकं फिरलं की ओरखडा आलाच. मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा लिंबाच्या रसात किंवा निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून डागावर नुसता टेकवून धरायचा. अंगठ्याखाली काही घडतंय हे जाणवायचं नाही. पण फडकं उचलून कान जवळ नेला तर जाड पुटांतून अगदी बारीक बुडबुड ऐकू यायची, क्षार विरघळताना सुटणाऱ्या वायूची. सुकू मात्र द्यायचं नाही. लगेच धुवायचं, लगेच कोरडं करायचं. जिथे मुलामा फुटून गंज डोकावतोय तिथे आम्ल लावायचं नाही, ते आत शिरून लोखंड खातं. ॲल्युमिनियमच्या पट्टीलाही नाही, ती काळवंडते. काही जुने डाग आंबटाला दाद देत नसत, त्यांच्यात सिलिका मुरलेली असे. त्यांच्यासाठी बोटाच्या टोकावर चण्याएवढी पॉलिशची पेस्ट, आणि धीर.

धीर अशासाठी, की ज्याला आपण क्रोम म्हणतो तो थर माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम शंभरावा हिस्सा असतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. खरी जाडी त्याच्याखालच्या निकेलची. निकेल किंचित पिवळसर, उबदार झाकेचं; क्रोम निळसर, थंड. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या मुठीवर, आत्याची चार बोटं रोज जिथे वळायची तिथे, क्रोम झिजून ती पिवळसर झाक वर आली आहे. घाईच्या किती रात्री, किती घाबरेघुबरे नवरे मागच्या सीटवर बसलेले, आणि त्या प्रत्येक वेळी हीच मूठ पहिल्यांदा धरलेली. तिथे मी पेस्ट लावत नाही.

शेवटच्या धुण्यासाठी मात्र आत्याला विहिरीचं पाणी चालत नसे. कौलांच्या पागोळ्यांखाली पिंप मांडलेलं असायचं. पहिल्या पावसाचं पाणी ती सोडून द्यायची, त्यात छपराची धूळ आणि पाखरांची घाण. पुढच्या सरींचं भरून, झाकून ठेवायची. आभाळातून थेट उतरलेलं, दगडाची ओळख न झालेलं पाणी. ते वाळलं तरी मागे काही ठेवत नाही. त्याच पिंपातलं चार तांबे पाणी आजी तुरीच्या डाळीला घ्यायची, विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजत नसे. गाडी आणि डाळ यांच्यावरून त्या दोघींची रोज कुरबूर. “तुझ्या बंपरला घाल, आम्ही कच्चं वरण खातो,” असं म्हणत आजी तांब्या बुडवायचीच. अहाहा, त्या वरणाची मऊ धार!

आता गाडी माझ्याकडे पुण्यात आहे, आणि सोसायटीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, दोन्ही तितकंच जड. मुलामा चढवणाऱ्या कारागिराने बंपर निरखून पाहिला आणि सगळं उतरवून, बफिंग करून नव्याने क्रोम करून देतो म्हणाला. माणूस कसबी आहे, काम चोख करील यात शंका नाही. बंपर कदाचित त्याला देईनही. मूठ द्यायची नाही, हे तिथल्या तिथेच ठरलं.

तोवर मी बाल्कनीच्या पन्हळीखाली बादल्या लावते. मुलगा पाण्याने भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून जिना उतरतो, सांडत सांडत. पुसून झाल्यावर आम्ही एक फेरी मारतोच, कारण गाडी कितीही कोरडी केली तरी जाळीच्या मागे आणि गार्डच्या बुडाशी पाणी दडून राहतं आणि चाक फिरल्यावरच बाहेर येतं. आत्या याचसाठी पोवई नाक्यापर्यंत जायची, तिथे गाडी कडेला घेऊन ओघळ पुसायची, आणि समोर दुकान असल्याने कंदी पेढे घेतल्यावाचून परतायची नाही. आम्ही पाषाणपर्यंत जातो. मुलाच्या मांडीवर कोरडं फडकं असतं, आणि मी गाडी थांबवायच्या आत तो दाराच्या मुठीला हात घालतो.