गल्ल्यामागचे सूर

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत पंचाहत्तरी ओलांडलेल्या व्यापाऱ्यांची एक पिढी आजही दुकानी येऊन बसते. सकाळी देवदर्शन, दिवसभर गादी आणि सूर्यास्तापूर्वी भोजन हा त्यांचा दिनक्रम सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी काहींची एक आवड मात्र घरच्यांनाही फारशी ठाऊक नसते. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, बॉब डिलन ही नावे ऐकताच त्यांचा चेहरा उजळतो.

साठच्या दशकात वाशीचा खाडीपूल नव्हता. तो 1973 मध्ये झाला. पनवेलहून रस्त्याने मुंबई गाठायची, तर ठाण्याचा वळसा घ्यावा लागे. त्यामुळे महाविद्यालयीन शिक्षणासाठी गेलेली मुले समाजाच्या वसतिगृहात राहत. काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये विकत घेण्यापूर्वी तबकडी ऐकता येत असे. विकत घेण्याची ऐपत नसली तरी ऐकण्याला मोल पडत नव्हते. मुंबईतही तेव्हा जेट्स, सॅव्हेजेस, मिस्टिक्स अशी तरुणांची वाद्यपथके उभी राहिली होती. त्यांच्यासाठी ‘सिमला बीट’ ही स्पर्धा भरवीत असे ती एक सिगारेट कंपनी! ज्या घरांत विडीलाही थारा नव्हता, त्या घरांतील मुले त्या स्पर्धेची बातमी चोरून वाचत.

अशाच एका धान्यव्यापारी कुटुंबातील आजोबांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. मुंबईत शिकत असताना त्यांनी शिकवण्या करून एक जुनी गिटार घेतली होती. 1968 मध्ये वडील अंथरुणाला खिळले आणि मुनीमजींचे पत्र आले. थोरला मुलगा या नात्याने ते परतले. गिटार विकली गेली आणि आलेली रक्कम वडिलांच्या सांगण्यावरून रोजमेळात जमा झाली. त्यात कोणाचा दोष नव्हता. त्या पेढीवरच पुढे दोन बहिणींची लग्ने झाली, धाकटे भाऊ शिकले. आजोबांनी कधी तक्रार केली नाही. रात्री दुकानाचे दार ओढून हिशोब लिहिताना मात्र ते तीच जुनी गाणी हलक्या आवाजात लावत.

गतवर्षी प्रश्न उभा राहिला तो नातवाचा. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर त्याने ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेण्याची इच्छा सांगितली. “मग दुकान कोणी पाहायचे?” हा त्याच्या वडिलांचा सवाल होता आणि तो गैर नव्हता. मुलाला वाटले, आजोबा नक्की आपली बाजू घेतील. आजोबा आठ दिवस काहीच बोलले नाहीत. नंतर त्यांनी मुलाला व नातवाला समोर बसवून एका दुकानदाराची हकिकत सांगितली.

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात एपस्टाइन नावाचे व्यापारी कुटुंब होते. आजोबा लिथुआनियातून आलेले. त्यांनी फर्निचरचे दुकान थाटले. नातू ब्रायन याला नाटकाची ओढ होती. लंडनची नाट्यशाळा अर्धवट सोडून तो घरी परतला, तेव्हा घरच्यांनी त्याच्याकडे तबकड्यांच्या विक्रीचा विभाग सोपवला. एकाच गिऱ्हाइकाने मागितली तरी ती तबकडी मागवायची, हा त्याचा नियम. त्याच शहरात गाणाऱ्या चार तरुणांना त्याने 1961 च्या नोव्हेंबरात एका तळघरात ऐकले. एका मोठ्या कंपनीने त्यांना नाकारले. त्याने दुसऱ्या दारावर थाप मारली. तेच बीटल्स!

हकिकतीचा उत्तरार्धही आजोबांनी लपवला नाही. बीटल्सच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा करार ब्रायनच्या बाजूने इतका निष्काळजीपणे झाला, की नव्वद टक्के वाटा दुसऱ्याकडे गेला आणि केवळ दहा टक्के हाती राहिले. 1967 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ब्रायन वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस बीटल्सनी लंडनमध्ये कपड्यांचे दुकान उघडले. आठ महिन्यांत ते बंद झाले आणि उरलेला माल लोकांना फुकट वाटावा लागला. 1970 मध्ये ते चौघेही वेगळे झाले. त्यांच्या दुराव्याला कारणे अनेक होती. पैशाचा कारभार कोणी पाहायचा, हे त्यांतले एक मोठे कारण होते.

आपल्याकडचे उदाहरणही आजोबांना दूर शोधावे लागले नाही. कल्याणजी-आनंदजी हे संगीतकार बंधू कच्छहून मुंबईत आलेल्या किराणा व्यापाऱ्याचे पुत्र. उधारी फेडू न शकलेल्या एका गिऱ्हाइकाने पैशाऐवजी या मुलांना संगीताचे धडे दिले, असे सांगतात. पुढे ‘सरस्वतीचंद्र’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

“म्हणजे तुमची परवानगी आहे ना, दादाजी?” नातवाने विचारले.

“माझी परवानगी तू माझ्यासाठी मागू नकोस,” ते म्हणाले. “आठ दिवस मी हेच तपासत होतो. माझी राहिलेली येणी तुझ्याकडून वसूल करायची नाहीत. माझी गिटार गेली म्हणून तू जावेस, हे खोटे. मी दुकानी बसलो म्हणून तूही बसावेस, हेही खोटे. तुला काय करायचे आहे ते तुझ्या वडिलांना तूच सांग. आणि पैशाचे काय, तेही सांग.”

नातवाने त्या रात्री प्रथमच आकडे मांडले : शुल्क किती, यंत्रे कितीची, कमाई केव्हापासून. वडिलांनी दोन आकडे खोडले, एक वाढवला. ठरले ते असे : दोन वर्षे शिक्षण, शनिवार-रविवार दुकान, खर्चाचे स्वतंत्र खाते, जे नातवाने स्वतः लिहायचे. दोन वर्षांनी तिघांनी बसून ताळा घ्यायचा. वडिलांचे मन अद्याप पूर्ण वळलेले नाही. तरी पाडव्याला वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीतले ते पान त्यांनी स्वतः उघडले, मुलाचे नाव घातले आणि पहिल्या हप्त्याची रक्कम त्याच्या नावे टाकली.