वाक्याचा शेवट

गेल्या दिवाळीपासून डाव्या कानात यंत्र आलं. ऐकू येतं, पण वाक्याचा शेवट निसटतो. मी करते त्या सीबीटीत, म्हणजे विचार तपासून पाहणाऱ्या मानसोपचारात, नेमका तोच हवा असतो. माणूस खरा विचार पुटपुटतो, तोही जाता जाता.

सीबीटीचे जनक ॲरन बेक फिलाडेल्फियात अजून मनोविश्लेषणच करत होते तेव्हाची गोष्ट. एक बाई कोचावर पडून बिनधास्त आपली प्रेमप्रकरणं सांगत होत्या आणि आतून अस्वस्थ होत्या. खोदून विचारल्यावर कळलं, ‘डॉक्टरांना माझा कंटाळा येतोय’ हे आत सतत चालू होतं. बोलण्याला समांतर, न बोललेलं.

परवा माझ्याकडे उपचारांना येणारा एक मुलगा म्हणाला, “साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही, म्हणजे...” पुढचं विरलं. पूर्वी मीच पुरवलं असतं: म्हणजे आपली नोकरी गेली, असंच ना? वाक्यं पूर्ण करून देण्यात माझा हातखंडा. ‘मॅडमना मनातलं कळतं’ ही ख्याती मी आवडीने मिरवली. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना कोण नाही म्हणणार? “हो, तसंच.” मग विचार नोंदवायच्या तक्त्यात माझा विचार, त्याविरुद्धचे पुरावेही माझेच, आणि आठवड्याने तेच ठरलेलं, “पटतंय हो मॅडम, पण वाटत नाही.”

आता म्हणते, परत सांगा, कान गेलाय. तो म्हणाला, “म्हणजे आता बाबांसमोर जेवायला कसा बसू.” नोकरीचं नावही नाही.

पण हे दरवेळी जमत नाही. बहुतेक जण दुसऱ्यांदा सांगताना विचाराला इस्त्री करतात. “काही नाही, थोडं टेन्शन आलं.” गेलं! पहिल्या खेपेचं ते चुरगळलेलं वाक्य परत कसं मिळवायचं, हे मला अजून उलगडलेलं नाही. मोबाइलवरच्या ॲपांचा राग येतो तो यामुळेच: चौकटीत टाइप होतो तो विचार आधीच कडक इस्त्रीचा. आणि मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवलेल्या अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचाराची दोन दिवसांची शिबिरं करून आलेले तरुण! तिसऱ्या मिनिटाला “हा हट्ट कशाला?” म्हणून वाद घालतात. अरे, कोणता हट्ट, ते तरी ऐका.

माझ्याकडे शिकणारी मुलगी म्हणते, परवानगी घेऊन सत्रं रेकॉर्ड करू, शेवट नंतर ऐकता येतील. मी गोपनीयतेचं कारण पुढे केलं. खरं कारण, अजूनही मी किती वाक्यं पूर्ण करते, ते तिने मोजू नये.