उलटी वाट

चार्ल्स इंगल्सला दाटीवाटी सोसत नसे. आसपास वस्ती वाढली की त्याचे पाय शिवशिवू लागत. ही ओढ घराण्यातच होती. १८३६ साली न्यूयॉर्क राज्यात तो जन्मला. वडील लॅन्सफर्ड यांनी बिऱ्हाड आधी इलिनॉयला नेलं, मग विस्कॉन्सिनला. तिथेच १८६७ मध्ये, पेपिनजवळच्या रानात, चार्ल्सची मुलगी लॉरा जन्मली. तिच्या ‘लिटल हाऊस’च्या पुस्तकांमुळे पुढे हे कुटुंब जगभर पोचलं.

मला मात्र चार्ल्सपेक्षा त्याची बायको कॅरोलाइन जास्त आठवत राहते. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या माणसाशी तिची गाठ पडली. कापडी छताच्या गाडीत संसार भरायचा, कुठल्याशा माळावर तो पुन्हा मांडायचा, आणि मांडून होतो न होतो तोच नवऱ्याची नजर क्षितिजाकडे.

१८६९ मध्ये ते कॅन्ससला गेले. जिथे घर बांधलं ती जमीन ओसेज लोकांची होती. सरकार आज ना उद्या ती खुली करील, या भरवशावर वसाहतवाले आधीच आत घुसले होते. मोकळा, ओसाड माळ म्हणून जो आपल्यापुढे उभा केला जातो, तो कुणाच्या तरी शिकारीच्या वाटांनी विणलेला होता. तिथेच लॉराची धाकटी बहीण कॅरी झाली. इकडे पेपिनची जमीन घेणाऱ्याला पैसे फेडता येईनात, म्हणून १८७१ मध्ये गाडी परत विस्कॉन्सिनकडे वळली.

मग मिनेसोटा. वॉलनट ग्रोव्हजवळ गहू उभा असताना टोळ आले. पुढच्या वर्षी मातीत घातलेल्या अंड्यांतून नवे निघाले. हाता-तोंडाशी आलेला घास गेला, आणि पश्चिमेचं स्वप्न पाहणारा चार्ल्स मजुरीसाठी पूर्वेकडे पायी निघाला. १८७६ मध्ये अख्खं कुटुंबच पूर्वेला, आयोवातल्या बर ओक गावी, हॉटेलात राबायला गेलं. त्याच वाटेवर त्यांचा नऊ महिन्यांचा मुलगा फ्रेडी दगावला. लॉराच्या कादंबऱ्यांत फ्रेडीही नाही आणि बर ओकही नाही. २०१४ साली छापून आलेल्या ‘पायोनियर गर्ल’ या तिच्या मूळ आठवणींत दोन्ही आहेत. तिनं ते का गाळलं असेल, हे मला कळतं. पण मला तिची आई सर्वांत जवळून दिसते ती याच उलट्या वाटेवर.

१८७९ मध्ये थोरली मुलगी मेरी हिची दृष्टी गेली. त्याच वर्षी ते डकोटात डी स्मेटला आले. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायचे, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसली तरच. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फानं आगगाडी महिनोन्‌महिने अडली. कोळसा संपला, पीठ संपलं. वाळकं गवत पिळून पिळून त्याच्या घट्ट काड्या करायच्या आणि चुलीत सारायच्या. गवताच्या पात्यांनी हात कापले जायचे. गहू दळायचा तो कॉफीच्या छोट्या यंत्रात. घरातल्यांनी पाळीपाळीनं दांडा फिरवायचा, आणि दिवसभर दळून एक भाकर व्हायची.

आणखी पश्चिमेला जायची हौस चार्ल्सला होती, पण मुलींच्या शिक्षणासाठी कॅरोलाइननं पाय रोवले. १९०२ मध्ये तो डी स्मेटमध्येच वारला.

लॉरानं तर दिशाच बदलली. दुष्काळ आणि कर्जानं पोळलेली ती नवरा अल्मांझो आणि लहानग्या रोझला घेऊन १८९४ मध्ये दक्षिणेकडे, मिसूरीतल्या मॅन्सफिल्डला आली. लिहायच्या पेटीत जपून ठेवलेली शंभर डॉलरची नोट जमीन घ्यायच्या वेळी सापडेना. घरात नुसता जीव टांगणीला. काही दिवसांनी ती पेटीच्याच फटीत मिळाली, तेव्हा कुठे रॉकी रिज हे शेत त्यांचं झालं. रोझ मोठी होऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेली. लॉरा हलली नाही. १९५७ मध्ये नव्वदाव्या वर्षी ती तिथेच गेली.

मॅन्सफिल्डभोवतालच्या ओझार्कच्या टेकड्याही एके काळी ओसेजांच्याच. १८०८ च्या करारानं त्या त्यांच्याकडून गेल्या आणि ते पश्चिमेला सरकले. मग कॅन्सस गेलं. पुढे ओक्लाहोमात त्यांनी राहायला जमीन घेतली, ती कॅन्सस विकून आलेले पैसे मोजून.