खेकडा धरलेला हात

"हिला काय झालंय?"

कच्चं चित्र हातात धरून आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं मला विचारलं. कर्जतजवळच्या एका वीटभट्टीवर, थापून वाळत घातलेल्या विटांच्या रांगांशेजारी आम्ही बसलो होतो. एका कातकरी मुलीच्या गोष्टीसाठी मी चित्रं करत होते आणि ती आधी तिथल्या मुलांना दाखवावीत म्हणून गेले होते. चित्रातल्या मुलीच्या डोक्यावर विटा होत्या, डोळे मोठे आणि ओले. तिला काही झालं नव्हतं. गोष्टीच्या त्या पानावर ती आजीकडे निघाली होती, खुशीत. ओले डोळे मी माझ्या मनानं घातले होते.

भट्टीवरचे कष्ट खरेच आहेत. पावसाळा सरला की रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं वाडी सोडतात, ती पुन्हा पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मधेच तुटते. हे झाकून गोडगोड चित्र काढावं, असं मला कधीच वाटलं नाही. पण माझ्या पुस्तकांतल्या शहरी मुली पानोपानी हट्ट करतात, पडतात, खोटं बोलतात. कातकरी मुलीला मात्र मी फक्त दुःख दिलं होतं.

त्या रात्री मला एझ्रा जॅक कीट्स आठवले. ब्रुकलिनच्या ज्यू घरातल्या या चित्रकारानं 1940मध्ये 'लाईफ' मासिकातून एका लहान काळ्या मुलाचे फोटो कापून ठेवले आणि वीस वर्षांहून जास्त काळ जपले. 1962मध्ये त्यातून 'द स्नोई डे'मधला पीटर आला. पीटर बर्फात खेळतो, पावलांचे ठसे बघतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो. तो काळा आहे हे मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही. ते चित्रात दिसतं, तेवढंच. पुढच्या वर्षी पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळालं. तरीही 1965मध्ये शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी पीटरच्या आईच्या चित्रावर बोट ठेवलं: अवाढव्य देह, भडक चौकड्यांचा झगा. आई ठरीव साच्यातली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं; मुलाचे फोटो इतकी वर्षं जपलेल्या माणसाच्या हातूनही. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. प्रेम असलं तरी हात जुन्या वळणानंच जातो.

माझ्या हाताचं वळण मी आधी रंगात पकडलं. लहानपणी खडूंच्या पेटीतल्या फिकट गुलाबी खडूला आम्ही सगळे 'स्किन कलर' म्हणायचो, आणि वर्गात त्या रंगाचं कोणीही नव्हतं. पुढे मी तपकिरी वापरू लागले, पण काळी बाह्यरेषा तीच ठेवली. गडद त्वचेवर ती रेषा बुडते. नाक दिसेनासं होतं, हसू पुसलं जातं, उरतं फक्त डोळ्यांतलं पांढरं. मग चित्रकार डोळे आणखी मोठे करतो, आणि चेहरा केविलवाणा होतो. आता मी बर्न्ट सिएनात थोडा निळा मिसळून सावली धरते, रेषा तांबूस ठेवते आणि मागची भिंत उजळ करते. गालावर ऊन पडलं की हसू आपोआप वर येतं.

नव्या चित्रात मुलगी ओढ्यात उभी होती, हातात खेकडा. ते घेऊन मी पुन्हा गेले. मुलं जवळ आली आणि एकदम ओरडली, "बाई, चावंल ना तिला!" मी खेकडा पुढून, नांग्यांजवळ धरलेला दाखवला होता. एका मुलानं विटेचा तुकडा उचलला, अंगठा खाली, दोन बोटं पाठीवर, मागच्या बाजूनं. तिथवर नांग्या पोचत नाहीत. मी तिथंच बसून बोटं खोडली आणि पुन्हा काढली. तीनदा.

पहिल्या दिवशीच्या त्या मुलीनं कागद आपल्याकडे ओढला, बराच वेळ हाताकडे बघितलं आणि पेन्सिल मागितली. ओढ्यात, मुलीच्या पायापाशी, तिनं आणखी एक खेकडा काढला.